अंगणातला सांबार हे हरिण नसल्याबाबत

दिनांक : ११ मार्च २०२५

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
शहर परसबाग मार्गदर्शन कक्ष,
अमरावती.

अर्जदार : सौ. भावना स्वप्निल तायडे,
रा. श्री. खुशालराव निंभोरकर यांचे घर (तळमजला, मागचे अंगण धरून), अमरावती.

विषय : माझ्या अंगणातला सांबार ही पालेभाजी (म्हणजे कोथिंबीर) असून हरिण नसल्याबाबत, तसेच पोपट हे पक्षी नसून शेंगा असल्याबाबत, आणि येत्या सोमवारी अंगणात सिमेंटचा कोबा होण्यापूर्वी तसे एका ओळीचे पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे जाहीर आवाहन, ‘घरची बाग कशी सुधारता येईल? आपल्या कल्पना कळवा.’
२) त्यावर मी केलेला अर्ज (जो मी आता स्वतः मोठ्याने वाचू शकत नाही).
३) आपल्या कक्षाचे पत्र, ‘घरी वन्यप्राणी बाळगणे, कापणे व शेजारी वाटणे याबाबत खुलासा.’

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की, मी वरील पत्त्यावर पती, सासूबाई व अडीच वर्षांची मुलगी मैत्री यांच्यासह भाड्याने राहते. माझे शिक्षण एम.ए. (मराठी) झालेले आहे. ही गोष्ट मी एरवी पहिल्याच वाक्यात सांगते. या अर्जात ती लपवावी असा विचार होता, पण मागच्या अर्जात सहीखाली मीच ती ठळक अक्षरांत लिहून ठेवली असल्याने आता उपयोग नाही. आमच्या लेआउटमधल्या घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुद्धलेखन तपासणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. ‘हार्दीक शुभेच्छा’ यातली दीर्घ वेलांटी मी आजवर कोणाच्याही वाढदिवशी सोडलेली नाही. त्यामुळे माझ्या हातून एक काना सुटला आणि त्यातून हरिण निर्माण झाले, ही बातमी या ग्रुपने किती आनंदाने घेतली असेल, याची आपण कल्पना करू शकता. समोरच्या मंजुषाताईंनी ताबडतोब लिहिले, “भावनाताई, सांबार मध्ये काना असतो. राग मानू नका.” ‘सांबारमध्ये’ हा शब्द जोडून लिहायला हवा होता. मी त्यांना हात जोडल्याचे चित्र पाठवले.

२. मी बाग का लावली, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण संदर्भ क्र. ३ मध्ये ‘सदर प्रकार कोणत्या हेतूने केला’ असे विचारले आहे. महोदय, हेतू एकच होता. मैत्री जेवत नव्हती. वरण-पोळी, खिचडी, शिरा, डॉक्टरांनी सांगितलेली नाचणी, यूट्यूबवरच्या बायांनी सांगितलेली रताळी, सगळे ती तोंडात घेऊन गालात साठवायची आणि माझी पाठ वळली की चादरीवर काढायची. वजन वाढत नव्हते. मी तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहायची, मग एकटी उभी राहायची, मग वजाबाकी करायची. आणि दोन्ही वेळा वाढ झालेली दिसायची ती माझी. बाजारातली भाजी मी आधी मिठाच्या पाण्यात, मग हळदीच्या पाण्यात, मग भीतीपोटी पुन्हा साध्या पाण्यात धुवत असे. स्वयंपाकघरात पाणी संपले की सासूबाई तिकडून ओरडत, “काहून वं भावना, भाजी रांधून राहिली का तिले आंघोळ घालून राहिली?”

३. त्यावर उपाय म्हणून मी घरीच पिकवायचे ठरवले. त्यापूर्वी या हातून पुदिना, कढीपत्ता, तुळस आणि एक मनीप्लँट मेलेला आहे. मनीप्लँट कसा मरतो, असे आपण विचाराल. मी त्याची फार काळजी घेतली. सांबारही बहुधा मेलाच असता, परंतु तो पेरला त्या आठवड्यात मैत्रीला ताप आल्यामुळे माझे त्याच्याकडे लक्ष गेले नाही, आणि तो उगवला.

त्यानंतर एके सकाळी मैत्री वाफ्याजवळ बसली, तिने स्वतःच्या हाताने एक पान तोडले, तोंडात टाकले आणि गिळले. मी पोळीचा घास पुढे केला. तिने त्यावर एक पान ठेवले आणि तोही गिळला. महोदय, मी तिथेच मातीत बसून रडले. सासूबाईंना वाटले, मला विंचू चावला. तेव्हापासून आमच्या घराचे जेवण अंगणात वाफ्याजवळ होते. एक घास, एक पान. पान तिने स्वतः तोडलेले लागते. मी तोडून दिलेले चालत नाही, फ्रिजमधले तर दाखवलेलेही चालत नाही. माझे दिवंगत सासरे बुधाजी तायडे आयुष्यभर गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलले. त्यांच्या घरात मी सून म्हणून राहून ‘अंगणातल्या पानाशिवाय पोरगी जेवत नाही’ असे मानते, हे मला शोभत नाही. पण ती जेवते आहे, म्हणून मी मानते.

४. आता उन्हाळा तोंडावर आला. वऱ्हाडातले ऊन आपण यंदा पहिल्यांदाच पाहणार आहात, असे आपल्या कार्यालयात कळले. एप्रिलात इथे बादलीतले पाणी न तापवता आंघोळीला चालते. त्यात सांबार टिकणार नाही, या काळजीने मी रात्रंदिवस पोखरले जात असतानाच आपले आवाहन वाचनात आले. निवडक अर्जदारांना बियाणे व हिरवी जाळी मिळेल, असे त्यात होते. मी अर्ज लिहायला घेतला.

सुरुवातीला मी ‘कोथिंबीर’ असाच शब्द लिहिला होता, याची कृपया नोंद घ्यावी. परंतु लिहिलेले मोठ्याने वाचायची मला सवय आहे. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कोथिंबीर? आपल्या घरी कोन म्हन्ते वं कोथिंबीर? अर्ज पुन्याले पाठवून राहिली का? सांबार लिही. साहेब अमरावतीत बसते, त्याले समजते.” मला ते पटले. आपल्या मातीतला शब्द वापरावा, असे मी एम.ए.ला एका प्रश्नाच्या उत्तरात लिहून चांगले गुण मिळवलेले आहेत. म्हणून मी मोबाईलवर कोथिंबीर पुसून सांबार टाईप करायला गेले. मैत्री मांडीवर होती व तिचा एक पाय मोबाईलवर होता. मोबाईलने ‘सांबर’ हा शब्द पुढे केला. मी दर वेळी त्यावर बोट ठेवले. मोबाईलला वऱ्हाडी येत नाही आणि मला घाईत मराठी येत नाही, असा तो योग जुळून आला.

५. संदर्भ क्र. २ मधला मजकूर आपल्या कार्यालयात लाल पेनाने अधोरेखित केलेला आहे. तो माझाच असल्याचे मी कबूल करते आणि खाली उद्धृत करते :

“आमच्या अंगणात सांबर व चार पोपट आहेत. सांबर फार कोवळा असून दुपारच्या उन्हाने मान टाकतो. पोपटांना वर चढण्यास आधार नाही. सांबर आम्ही कोवळा असतानाच कापतो, कारण जून झाल्यास चव जाते. माझी लहान मुलगी त्याला रोज सकाळी स्वतः तोडून कच्चाच खाते. पोपट सोलून भाजी करतो. जास्त झाल्यास दोन्ही शेजारी वाटतो. विशेष म्हणजे सांबर एकदा कापला तरी पुन्हा वाढतो, असा आमचा अनुभव आहे. तरी दोघांची वाढ जोमाने व्हावी यासाठी मार्गदर्शन व्हावे.”

महोदय, हे आता वाचताना माझ्याच अंगावर काटा येतो. ‘कच्चाच खाते’ या शब्दांसमोर आपण तीन उद्गारचिन्हे दिली आहेत. ती कमीच आहेत. फक्त ‘एकदा कापला तरी पुन्हा वाढतो’ या वाक्यापाशी कोणीतरी क्षणभर थांबायला हवे होते, असे नम्रपणे वाटते. तिथे समासात लाल प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे थांबले होते. पण पुढे गेले. आपण कोकणातले आहात. आपल्याकडे पोपट म्हणजे झाडावरचा राघू, आणि इकडे वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात हे आपल्याला कोणी सांगायचे? सांगायला हवे होते मी, आणि मी तर माझ्या मातीतल्या शब्दाचा अभिमान बाळगत बसले होते.

६. आपल्या कक्षाने अर्ज पुढे पाठवला आणि वन्यप्राणी सोडवणारे पथक आमच्या घरी आले. माझे पती अचलपूरच्या एका शाळेत शिक्षक असून सकाळच्या एसटीने जातात व अंधार पडता पडता परततात. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी गाऊनवर होते, खांद्यावर वरणाचे डाग होते. दारात जीप, जीपमध्ये पिंजरा, एकाच्या खांद्यावर जाळे, दुसऱ्याच्या हातात भुलीच्या इंजेक्शनची पेटी. मी जाळे पाहिले आणि मला आनंद झाला. मला वाटले, योजनेतली हिरवी जाळी आली. सरकार इतक्या लवकर हलते, याचे मला मनापासून कौतुक वाटले, आणि पुढचे सगळे त्या कौतुकातून घडले.

पथकप्रमुखांनी विचारले, “सांबर कुठे आहे?” मी म्हटले, “मागे आहे, या ना. आताच पाणी घातलं.” ते म्हणाले, “केवढे आहे?” मी वीतभर हात करून दाखवला. ते सहकाऱ्याला म्हणाले, “पिल्लू आहे.” मी म्हटले, “नाही नाही, चांगला वाढला होता. सकाळीच कापला.” ते लिहीत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, “आणि पोपट?” मी म्हटले, “ते कालच सोलले. फ्रिजमध्ये ठेवलेत डब्यात. दाखवू?” त्या सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशा नजरेने माझ्याकडे पूर्वी कोणीही पाहिलेले नाही, माझ्या स्वयंपाकानंतरसुद्धा नाही. एकाने मैत्रीला हळूच माझ्यापासून बाजूला घेतले.

तेवढ्यात आवाजाने सासूबाई सुंदराबाई बाहेर आल्या. “काय झालं? हे जाळं कायले?” त्यांना सांगितल्यावर त्या तशाच वाफ्यापर्यंत गेल्या, मूठभर सांबार उपटला आणि पथकप्रमुखांच्या नाकाला लावला. “घ्या बापा. वास घ्या. हा तुमचा सांबर. पकडा, टाका पिंजऱ्यात.” त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, “ही तर कोथिंबीर आहे.” सासूबाई म्हणाल्या, “मंग मी दुसरं काय म्हनून राहिली?” फ्रिजमधला डबाही उघडून दाखवला. आत सोललेले दाणे होते. पथकातले सगळे इतके हसले की जाळेवाला पायरीवरच बसला. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि जाताना त्यांच्या जीपमध्ये सांबाराची एकेक जुडी ठेवली.

७. इथे प्रकरण संपायला हवे होते. परंतु पंचनाम्याच्या छापील नमुन्यात दोनच रकाने होते : ‘प्राणी आढळला’ आणि ‘प्राणी आढळला नाही’. प्राणी कधी नव्हताच, असा रकाना नव्हता. पथकप्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी कागद उलटून मागेही पाहिले. “ताई, तिसरा रकाना मी कुठून आणू?” असे म्हणून त्यांनी ‘आढळला नाही’वर खूण केली. त्याआधीच ‘घरमालक/भाडेकरूचे म्हणणे’ या जागी शाईने लिहून झाले होते : ‘सकाळीच कापला. पोपट सोलून फ्रिजमध्ये ठेवले.’ खाडाखोड चालत नाही. खाली माझी सही आहे. सहीखाली एम.ए. (मराठी).

त्यामुळे कागदोपत्री चित्र असे झाले की हरिण होते, ते पथक येण्याच्या काही तास आधी कापण्यात आले व शिल्लक राहिलेले नाही. त्यावरून आपण काढलेल्या संदर्भ क्र. ३ मधील ‘अवशेषांची विल्हेवाट कशी लावली’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘मुरमुऱ्याच्या चिवड्यावर भुरभुरवले’ असे आहे. ते लेखी देऊ की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

८. सदर पत्राची एक प्रत घरमालक श्री. खुशालराव निंभोरकर यांना तिवस्याला गेली. ते दुसऱ्याच दिवशी नागपूरकडून येणाऱ्या बसने हजर झाले. ते मला मुलीसारखे वागवतात, भाडे मागतानासुद्धा लाजतात, तेच त्या दिवशी चप्पलही न काढता अंगणात उभे राहिले. “पोरी, माया घराले आजलोक पान्याच्या बिलाची नोटीस नाई आली. अन् तुमी हरन कापलं!” मी म्हटले, “काका, आम्ही कापलं नाही.” ते म्हणाले, “कागदावर तं कापलंच आहे ना?” कागदाविरुद्ध बोलायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

त्यांनी निर्णय दिला की धुळवड झाल्यावर येणाऱ्या सोमवारी गवंडी आणून संपूर्ण अंगणात कोबा करायचा. “मातीच नाई पाह्यजे. माती राहीन तं काही ना काही उगवन, अन् उगवलं की तू अर्ज करशीन.” मी फार विनवल्यावर त्यांनी एवढेच मान्य केले : “नोटीस माया नावानं आली, ते कागदानंच उतरन. साहेबाचा सही-शिक्क्याचा कागद आन की हरन नव्हतं. मंग राहू दे तुही माती.”

९. कुंडीत लावा, असे आपण सुचवाल. श्री. खुशालराव यांनीही सुचवले. मी करून पाहिले. मैत्रीने पहिली कुंडी पालथी केली, दुसरीतली माती पायावर घेतली आणि तिसरीकडे पाठ करून वाफ्याकडे गेली. गच्चीवर लावा म्हणाल तर मे महिन्यात आमच्या गच्चीवर पापड न तळता भाजले जातात. कोबा झाला तर तिचे जेवण जिथे होते ती जागाच राहणार नाही. पुन्हा ते घास गालात साठवणे, पुन्हा ती चादर, पुन्हा मी आणि तो वजनकाटा. माझी मागणी दिसायला कोथिंबिरीची आहे, पण महोदय, ती माझ्या मुलीच्या ताटाची आहे. हे मला मागच्या अर्जात लिहिता आले नाही, कारण मला वाटले अर्जात असे लिहीत नाहीत.

१०. मूळ आवाहन बाग सुधारण्याच्या कल्पनांबाबत होते. तो भाग हरणाच्या गडबडीत मागे पडला, म्हणून पुन्हा सादर करते. यातल्या निम्म्या कल्पना सासूबाईंच्या आणि उरलेल्या मोबाईलवरच्या आहेत. झाडे मारण्याचा अनुभव तेवढा माझा स्वतःचा आहे. धणे अख्खे पेरू नयेत, चपलेने रगडून दोन फाकी कराव्यात (चप्पल धुतलेली असावी, हे माझे मत, सासूबाईंचे नव्हे). सगळा वाफा एकदम पेरू नये, पट्ट्यापट्ट्याने पेरावा, म्हणजे एक पट्टी कापताना दुसरी कोवळी असते. वाफ्याच्या मध्ये एक जुने मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवावे. माती आपल्यापुरते पाणी ओढून घेते आणि माझ्यासारखी बाई दिवसातून आठ वेळा पाणी घालून मुळे कुजवत नाही. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी नाल्यात न सोडता वेलांना द्यावे. पश्चिमेच्या भिंतीला दोऱ्या बांधून पोपट (शेंगा) चढवले तर पुढच्या वर्षी सावली घरची होते. तोवर हिरवी जाळी मिळाली तर उत्तमच. नाहीतर सासूबाईंनी त्यांचे एक विरलेले लुगडे चार काठ्यांवर ताणून ठेवले आहे. त्याखाली सांबार मजेत आहे. मंजुषाताई त्याला ‘हरणाचा मंडप’ म्हणतात.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या अर्जाच्या नमुन्यात एक रिकामी चौकट ठेवावी आणि ‘येथे झाडाचे चित्र काढा’ असे लिहावे. माझे चित्र वाईट आहे, पण मी काढलेल्या कोथिंबिरीला कोणी शिंगे समजले नसते. बहुधा.

११. पुढे गैरसमज नको म्हणून खालील बाबी आत्ताच उघड करते. कुंपणावर वाघाटीची वेल आहे. तिला आषाढात फळे येतात, त्यांची भाजी होते. तिच्यात वाघ नाही. दारातल्या कुंडीत मोरपंखी आहे. ते शोभेचे झाड आहे. न्हाणीच्या भिंतीला सासूबाईंनी नागवेल लावली आहे. ती विड्याच्या पानांची आहे व चावत नाही. या तिघांपैकी कोणाच्याही नावात काना-मात्रा कमी-जास्त झालेली नाही, हे मी सासूबाई, पती आणि शब्दकोश अशा तिघांकडून तपासून घेतले आहे.

१२. परवा रविवारी श्री. खुशालराव कोब्यासाठी अंगण मोजायला गवंड्याला घेऊन आले. मैत्री वाफ्याशी बसून जेवत होती. मोजायची फीत वाफ्यावरून जाऊ लागली तशी ती उठली. मला वाटले, आता रडते. तिने एक पान तोडले आणि खुशालरावांच्या पुढे धरले. आजवर ती त्याला नुसते ‘हिलवं’ म्हणत असे, आणि अडीच वर्षांची होऊनही शब्द स्पष्ट येत नाहीत म्हणून मी मोबाईलवर रोज नवे आजार शोधत असे. त्या दिवशी ती म्हणाली, “आबा, घे. सांबाल.”

खुशालरावांनी पान खाल्ले. तिने दुसरे दिले, तेही खाल्ले. मग त्यांनी फीत गुंडाळली आणि गवंड्याला म्हणाले, “तू जाय. सोमवारी फोन करतो.” आणि मला म्हणाले, “साहेबाले लिही, माया समोर पोरीनं सांगतलं का सांबार होय. मी साक्ष देतो. पन कागद आन पोरी, नोटीस अजून हायेच माया नावावर.”

तरी विनंती की, ‘सदर अंगणात हरिण नव्हते व नाही, ती कोथिंबीर होती व आहे’ एवढी एक ओळ आपल्या सही-शिक्क्याने सोमवारच्या आत मिळावी. आपण कोथिंबीर असाच शब्द वापरावा. आमच्या शब्दाची भीती आता मलाच बसली आहे. आपल्याला प्रत्यक्ष पाहणी करायची असल्यास मैत्रीच्या जेवणाच्या वेळी यावे. पान तोडायचा अधिकार तिचा आहे, पण ती पाहुण्यांना देते.

पुढील प्रत्येक अर्जात काना मोजून घालण्याची हमी देणारी,
आपली,
भावना स्वप्निल तायडे
(शिक्षण लिहिलेले नाही.)

सोबत :
१) सांबार, एक जुडी, ओल्या फडक्यात. (फाईलला टाचू नये. पेल्यात पाणी घालून ठेवावी.)
२) पोपटाच्या शेंगा, न सोललेल्या, ओळख पटावी म्हणून.
३) मैत्री वाफ्याशी जेवताना, छायाचित्र. गालावर दिसते ते वरण आहे.

साक्षीदाराचे निवेदन (स्वहस्ताक्षरात) :
“मी खुशालराव निंभोरकर, रा. तिवसा, घरमालक, लिहून देतो की सदर अंगणातला सांबर मी स्वता खाल्ला आहे. दोनदा खाल्ला. चांगला होता. — खु. नि.”

अर्जदाराची टीप : वरील निवेदनात काना सुटलेला आहे. हे मी साक्षीदारांच्या लक्षात आणून दिले असता ते बस पकडण्याच्या घाईत म्हणाले, “एका काडीनं काय होते वं?” दुसऱ्याच्या हस्ताक्षरात फेरफार करणे नियमात बसत नसल्याने तो तसाच ठेवला आहे. या प्रकरणातली दुसरी साक्षीदार अडीच वर्षांची असून तिला सही येत नाही. ती ‘र’ला ‘ल’ म्हणते. काना मात्र तिचा एकटीचाच बरोबर आहे.